आठ आकडे, सात मात्रा: टॅबवरून बासची एक रिफ शिकण्याचे प्रकरण

बास गिटार हाती घेणारे नवे विद्यार्थी आज बहुतेक गाणी टॅबवरून, म्हणजे कोणती तार कितव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) दाबायची हे आकड्यांनी सांगणाऱ्या लिपीवरून, उचलतात आणि त्यांच्यातल्या पुष्कळांची गाडी एकाच जागी अडते. बोटे सांगितलेल्या फ्रेटवर पडतात, स्वरही खरे निघतात, पण गाणे काही केल्या गाण्यासारखे वाजत नाही. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका विद्यार्थ्याचे आहे. अडचण नेमकी कोठे होती, ती इतके दिवस त्याच्या लक्षात का आली नाही आणि ती दूर करताना आणखी कोणत्या गोष्टी बाहेर आल्या, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

विद्यार्थी पुण्यात नोकरी करणारा, तिशीच्या आतला अभियंता. लहानपणी त्याने तबल्याच्या परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रवेशिका पूर्ण'पर्यंत दिल्या होत्या आणि पुढे शिक्षणाच्या धावपळीत तबला सुटला होता. चार तारांचा (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी) बास त्याने स्वतःहून घेतला आणि सोपी, चार मात्रांतली काही रॉक गाणी एकट्याने टॅब पाहून बसवली. माझ्याकडे तो आला तो पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे 'मनी' हे गाणे जमत नाही म्हणून. "सर, स्वर तर सगळे बरोबर आहेत ना?" हा त्याचा पहिला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर, एका स्वराचा अपवाद सोडल्यास, होय असेच होते.

गाण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अडचणीचे मूळ त्याच्या रचनेत आहे. 'मनी' हे १९७३ मध्ये आलेल्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधले गाणे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झाले. लिहिले बँडचे बासवादक रॉजर वॉटर्स यांनी, गायले गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी. आरंभी नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याच्या यंत्राची घंटी, कागद फाटल्याचा आवाज असे ध्वनी ठरावीक अंतराने ऐकू येतात. चुंबकीय फितीचे मापून कापलेले सात तुकडे एकमेकांना जोडून त्यांचे आवर्तन बनवले होते आणि प्रत्येक तुकड्याला एक मात्रा दिली होती. म्हणजे बासची पहिली तार छेडली जाण्याआधीच गाण्याने आपला हिशेब जाहीर केलेला असतो: सात मात्रा. रॉक संगीतात चारचा हिशेब इतका रुळलेला आहे की, सातचे गाणे त्या वर्षी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत गेले याचे आजही नवल वाटते.

त्यानंतर बासची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, सुरू होते. विद्यार्थ्याने इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या टॅबमध्ये तिचे आठ आकडे होते: ए तारेवर २, जी तारेवर ४, डी तारेवर ४, पुन्हा ए तारेवर २, पुन्हा डी तारेवर ४, मग ए तार मोकळी म्हणजे ०, ए तारेवर २ आणि शेवटी ए तारेवर ५. पाश्चात्त्य स्वरनावांत हे बी, वरच्या सप्तकातला बी, एफ शार्प, बी, एफ शार्प, ए, बी, डी असे होते. यातला पाचवा आकडा चुकीचा होता. त्याच्याकडे पुढे येऊ.

टॅब वाचायला अवघड नसतो. चार आडव्या रेषा म्हणजे चार तारा, रेषेवरचा आकडा म्हणजे कितवा फ्रेट दाबायचा ते, आणि वाचन डावीकडून उजवीकडे. सर्वांत वरची रेषा सर्वांत बारीक तारेची, म्हणजे जी तारेची असते. बास मांडीवर घेऊन खाली पाहणाऱ्याला मात्र जाड ई तार वर दिसते, त्यामुळे पहिले काही दिवस कागद उलटा धरल्यासारखा वाटतो. ही पद्धत काही रॉकवाल्यांनी शोधलेली नाही. युरोपात सोळाव्या शतकात ल्यूट या वाद्यासाठी टॅब सर्रास वापरला जाई. इटालियन पद्धतीत आकडे असत, पण जाड तार वरच्या रेषेवर असे. फ्रेंच पद्धतीत अक्षरे असत आणि बारीक तार वर असे. आजच्या टॅबने इटालियनांचे आकडे ठेवले आणि रेषांचा क्रम फ्रेंचांचा. मात्र त्या जुन्या पद्धतींत रेषांच्या वर काळ दाखवणाऱ्या खुणा असत. संगणकावर साध्या अक्षरांत टंकलेल्या टॅबमधून नेमक्या त्याच खुणा गळाल्या. उरली ती थांब्यांची यादी, वेळापत्रक नव्हे.

आपल्या विद्यार्थ्यापुढे आलेल्या टॅबमध्ये आठही आकडे सारख्या अंतरावर टंकलेले होते. सारखे अंतर म्हणजे सारखा काळ, असे त्याने गृहीत धरले. यात त्याला दोष देता येत नाही, कारण पानावर दुसरे काही सुचवणारे चिन्हच नव्हते. त्याने प्रत्येक आकड्याला एक मात्रा दिली आणि रिफ आठ मात्रांची झाली. चार मात्रांच्या गाण्यांची सवय असलेल्या हाताला आठ ही संख्या अगदी सोयीची वाटते. मूळ रिफमध्ये मात्र दुसऱ्या मात्रेत दोन स्वर आहेत, वरचा बी आणि एफ शार्प, आणि बाकीच्या सहा मात्रांत एकेक. आठ स्वर सात मात्रांत बसतात ते असे.

आता या चुकीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. रेकॉर्डबरोबर समेवर सुरुवात केली की पहिला स्वर जुळे आणि दुसराही जुळे, कारण दुसऱ्या मात्रेच्या आरंभी मुळातही वरचा बीच आहे. तिसऱ्या मात्रेपासून तो एका मात्रेने मागे पडे. त्याचा शेवटचा डी वाजे तेव्हा रेकॉर्डवर नव्या आवर्तनाचा पहिला बी आलेला असे. दुसऱ्या आवर्तनात तो दोन मात्रांनी मागे, तिसऱ्यात तीन. तो आठच्या फेऱ्या घेत होता आणि गाणे सातच्या. म्हणून ५६ मात्रा झाल्या की त्याची सातवी फेरी आणि गाण्याचे आठवे आवर्तन एकाच क्षणी संपत आणि पुढच्या समेवर दोघे पुन्हा एकत्र येत. या गाण्याच्या लयीत ५६ मात्रांना साधारण अर्धा मिनिट लागतो. त्यामुळे विद्यार्थ्याचा अनुभव असा होता की रिफ बहुतेक वेळ बिघडते, पण मधूनच आपोआप बरोबर येते. जे मधूनच बरोबर येते त्याचे कारण माणूस सहसा बोटांत शोधतो: वेग कमी पडतो, सराव कमी आहे, करंगळी कच्ची आहे. त्याने तेच केले. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे यंत्र) लावून तो तीच आठ मात्रांची फेरी अधिकाधिक सफाईने घोटत राहिला.

याला आणखी एका गोष्टीचा हातभार लागला. सरावासाठी त्याने गाण्याचा आरंभ कापून टाकला होता आणि ध्वनिफीत बास सुरू होतो तेथून पुन्हा पुन्हा लावण्याची सोय केली होती. नाण्यांचे ते सात आवाज त्याला नुसती सजावट वाटले होते. सरावातून नेमका तोच भाग वगळला गेला, ज्यात मोजणी उघड्यावर मांडलेली होती.

तबला शिकलेल्या माणसाला सात मात्रा ओळखू येऊ नयेत, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण तो गाणे ऐकून शिकत नव्हता, पान पाहून शिकत होता, आणि पानावर सात हा आकडा कोठेच नव्हता. कागद मिटवायला सांगून, बास बाजूला ठेवून, केवळ तो कापलेला आरंभ ऐकवला आणि हाताने टाळी धरायला सांगितली, तेव्हा दोन-तीन आवर्तनांत त्याच्या तोंडून आपणहून रूपक या सात मात्रांच्या तालाचे बोल आले: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन, दोन, दोन असा विभागही या रिफला चपखल बसतो. पहिल्या तीन मात्रांत खालचा बी, वरची उडी आणि पुन्हा खालचा बी असे एक वर्तुळ पुरे होते. चौथ्या मात्रेवर एफ शार्पपासून नवी चढण सुरू होते, आणि एफ शार्प-ए, बी-डी अशा दोन जोड्यांनी ती संपते.

उपाय म्हणून टॅब टाकून दिला नाही. टॅबला कमी लेखणारे शिक्षक आहेत. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. बासवर एकच स्वर दोन-तीन ठिकाणी मिळतो, आणि तो कोठे धरायचा हे जितक्या थेटपणे टॅब सांगतो तितक्या थेटपणे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) सांगत नाही. आम्ही केले ते एवढेच की टॅबचे आकडे भातखंडे पद्धतीच्या, म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या प्रचलित स्वरलिपीच्या, चौकटीत पुन्हा लिहून काढले. सात रकाने, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेनंतर विभागाची उभी रेघ, वर मात्रांचे क्रमांक, आणि खाली प्रत्येक रकान्यात तारेचे नाव व फ्रेटचा आकडा. दुसऱ्या रकान्यात जी ४ आणि डी ४ शेजारी शेजारी लिहून त्यांच्याखाली चंद्रकोर काढली, कारण एका मात्रेतले अनेक स्वर या पद्धतीत तसेच जोडतात. भातखंडे लिपी काळ काटेकोर सांगते आणि जागा सांगत नाही, टॅबचे उलट आहे. या विद्यार्थ्याला दोन्ही वाचता येत होते. एकाच कागदावर दोन्ही आले तेव्हा त्याच दिवशी रिफ संथ लयीत रेकॉर्डला धरून चालू लागली.

येथे प्रकरण संपले असते तर ते लिहिण्याइतके मोठे नव्हते. रूपकाने एक अडचण सोडवली आणि दुसरी आणली. रूपक हा असा ताल आहे की त्याच्या समेवरच 'खाली', म्हणजे टाळी नसलेली मात्रा, येते. पहिली मात्रा टाळीने नव्हे, तर हात मोकळा सोडून दाखवतात, आणि वजन चौथ्या व सहाव्या मात्रेवरच्या धींवर पडते. विद्यार्थ्याच्या हातात हे इतके मुरलेले होते की पहिल्या मात्रेचा बी तो नकळत हलका वाजवू लागला आणि चौथ्या मात्रेवरच्या एफ शार्पवर जोर देऊ लागला. 'मनी'त याच्या उलट आहे: पहिला बी हाच सगळ्या आवर्तनाचा खुंटा आहे आणि तो ढिला झाला की ऐकणाऱ्याला चौथ्या मात्रेपासून आवर्तन सुरू झाल्यासारखे वाटते. मोजणी रूपकाची आणि वजन रूपकाचे नव्हे, हे वेगळे करायला मात्रांच्या मोजणीपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी बोल सोडून दिले आणि एक ते सात हे अंक मोठ्याने म्हणत, 'एक' या अंकावर पाय आपटत सराव सुरू केला. बोलांबरोबर त्यांचे वजनही मनातून निघाले.

दुसऱ्या मात्रेतल्या दोन स्वरांचा प्रश्नही कागदावर सुटला नाही. चंद्रकोरीमुळे ते एका मात्रेत आहेत एवढे कळते, पण विद्यार्थी त्यांना अर्धा-अर्धा वाटा देत होता. या गाण्याची चाल झुलती आहे. मात्रेचे तीन सारखे भाग कल्पिले तर वरचा बी पहिले दोन भाग घेतो आणि एफ शार्प उरलेल्या तिसऱ्या भागात येऊन पुढच्या बीला चिकटतो. बरोबर अर्ध्यावर वाजवले तर रिफ कवायतीसारखी ताठ ऐकू येते. हे ऐकूनच येते, आणि ते येण्यासाठी रेकॉर्डचा वेग कमी करून तेवढीच एक मात्रा पुन्हा पुन्हा ऐकणे हाच मार्ग होता. त्यात पिक (तार छेडण्याची छोटी चकती) धरून वाजवण्याचाही फायदा झाला. ए तारेवरून मधली डी तार ओलांडून जी तारेवर जायचे आणि लगेच डी तारेवर परत यायचे, ही उजव्या हाताची उडी त्याच्या बोटांना जड जात होती. वॉटर्सही मुख्यतः पिकनेच वाजवतात.

आता तो चुकीचा पाचवा आकडा. चौथ्या मात्रेवरचा एफ शार्प हा खालच्या सप्तकातला आहे, म्हणजे ई तारेवर २. उतरवून घेतलेल्या टॅबमध्ये तेथे पुन्हा डी तारेवर ४ असे होते. नाव तेच, सप्तक वेगळे. ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या या स्वराची कंपनसंख्या सुमारे ४६ हर्ट्झ आहे, वरच्याची सुमारे ९२. विद्यार्थी रेकॉर्ड ऐकत होता फोनच्या स्पीकरवर, आणि इतक्या लहान स्पीकरमधून १०० हर्ट्झखालचे जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. कान उपस्वरांवरून स्वर ओळखतो खरा, पण तो कोणत्या सप्तकातला आहे याची खात्री अशा वेळी राहत नाही. त्यामुळे चुकीचा आकडा त्याच्या कानाने कधी पकडलाच नाही. कान झाकणारे चांगले हेडफोन लावल्यावर चौथ्या मात्रेवर जमिनीतून आल्यासारखा तो खालचा स्वर त्याने प्रथमच ऐकला आणि मी काही सांगण्याआधी चौकटीतला आकडा खोडला. बास शिकणाऱ्याने फोनच्या स्पीकरवर रेकॉर्ड ऐकू नये, हा सल्ला मी तेव्हापासून पहिल्याच भेटीत देतो.

आकडा बदलल्यावर बोटांची मांडणी पुन्हा तपासावी लागली. याच रिफचा दुसराही एक टॅब त्याने पाहिला होता, ज्यात सगळे स्वर तेच, पण जागा वेगळ्या: ई तारेवर ७, डी तारेवर ९, ए तारेवर ९, ई तारेवर ७, मग ई तारेवरच २, ५, ७ आणि १०. प्रमाण बासच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. त्यावर सातव्या फ्रेटपासून दहाव्यापर्यंतचे अंतर सुमारे ९ सेंटिमीटर आहे, तर दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे सुमारे १२. ही वरच्या फ्रेटवरची मांडणी बोटांना सोपी, आवाजालाही एकसारखी, कारण जाड तारेवर वरच्या फ्रेटवर वाजलेला स्वर अधिक गोल आणि भरीव लागतो. पण तीत चौथ्या मात्रेला हात सातव्या फ्रेटवरून दुसऱ्यावर, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर मागे न्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच जागी आपल्या विद्यार्थ्याची मोजणी डळमळत होती. म्हणून त्याच्यासाठी पहिलीच, खालच्या फ्रेटवरची मांडणी ठेवली: तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका डी तारेच्या चौथ्यावर आणि करंगळी जी तारेच्या चौथ्यावर. शेवटच्या डीसाठी मोकळी डी तार वापरण्याचा मोह होतो, कारण ती फुकट मिळते. पण मोकळी तार पुढच्या आवर्तनाच्या बीखाली घुमत राहते आणि समेचा स्वर गढूळ होतो. ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर घेतलेला डी तसा घुमत नाही, कारण बी त्याच तारेवर येतो आणि आधीचा स्वर आपोआप थांबतो. स्वर केव्हा थांबवायचा हेही टॅबमध्ये लिहिलेले नव्हते.

रिफ बसल्यानंतर पूर्ण गाणे धरताना आणखी एक खोच निघाली. सॅक्सोफोनचा सोलो सात मात्रांतच आहे, पण त्यानंतर येणाऱ्या गिल्मर यांच्या गिटार सोलोला गाणे चार मात्रांवर येते आणि शेवटच्या कडव्याला पुन्हा सातवर परतते. टॅबमध्ये याचा काहीच सुगावा नव्हता. आकड्यांची ओळ पुढे चालू होती आणि मधल्या उभ्या रेघा टंकणाऱ्याने जागा पुरेल तशा मारल्या होत्या. इतक्या कष्टाने सात मात्रा अंगात भिनवलेला विद्यार्थी चारच्या भागातही सातच मोजत राहिला. येथे चौकटी आखण्याचा उपयोग नव्हता. बासचा कागद सोडून निक मेसन यांचे ड्रम ऐकायचे, सोलोच्या तोंडाशी ठेका कसा मोकळा होतो ते ओळखायचे आणि त्या क्षणी मोजणी बदलायची, असा सराव आम्ही केला. तबल्याची पार्श्वभूमी येथे पुन्हा कामी आली, कारण एका तालातून दुसऱ्यात जाताना नवी सम पकडण्याची सवय त्याला होतीच.

सध्या तो मित्रांच्या बँडबरोबर हे गाणे वाजवतो. सातचा भाग पक्का आहे. गिटार सोलोच्या मधल्या तुकड्यात वाद्ये विरळ होतात आणि आवाज कोरडा, जवळचा होतो, तेथे तो अजूनही थोडा पुढे पळतो, आणि सोलो संपून सातवर परतताना पहिल्या आवर्तनात त्याचा समेचा बी किंचित उशिरा पडतो. त्यासाठी आता मेट्रोनोमची टिकटिक सातही मात्रांवर न ठेवता केवळ पहिल्या मात्रेवर ठेवली आहे, म्हणजे मधल्या सहा मात्रा त्याला स्वतःच्या हिशेबाने काढाव्या लागतात. नव्या गाण्याचा टॅब हाती आला की बास उचलण्याआधी तो कागदावर मात्रांचे रकाने आखतो आणि रकान्यांची संख्या रेकॉर्ड ऐकून ठरवतो.